या सीझनचा हर्षल

गेल्या वर्षीचा हर्षल चांगला खेळायचा की या वर्षीचा, यावर माझ्या दुकानापुढे रोज सकाळी भांडण व्हायचं. गेल्या वर्षीचा हर्षल जिवंत होता. या वर्षीचा नव्हता. बाकावर बसलेल्यांना हा फरक किरकोळ वाटायचा आणि माझं डोकं तिथेच फिरायचं.

माझं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे, डोणगावात. दुकानापुढे दोन बाक टाकले ही माझीच चूक. टाकले होते गिऱ्हाइकांसाठी, पण त्यावर फुटबॉल येऊन बसला. आमच्या भागात पोरं क्रिकेट आणि कबड्डी खेळतात. आमच्याच गावात मागे एका पीटीच्या मास्तरांनी पोरांना चेंडूला लाथ मारायला शिकवलं, आणि ते खूळ जे लागलं ते मास्तर बदली होऊन गेले तरी सुटलं नाही. हळूहळू साखरखेर्ड्याला लागलं, सोनाळ्याला लागलं. आता संक्रांत झाली की सीझन सुरू होतो आणि होळीच्या आत फायनल होते. बाजारतळावर बांबूचे गोल उभे राहतात आणि रविवारी गावात जेवण लवकर उरकतं.

एका बाकावर उकंडराव बसायचे. गावच्या फुटबॉल मंडळाचे अध्यक्ष, मोठे बागायतदार, आवाज असा की या टोकाला दिलेली शिवी त्या टोकाच्या गोलकीपरला लागावी. समोरच्या बाकावर शंकरराव. वांगी-मिरच्या पिकवणारा मऊ बोलण्याचा माणूस, पण मुद्दा धरला की घोरपडीसारखा सोडत नाही.

"गेल्या साली अकरा गडी होते तं कितवे आलो? सहावे," उकंडराव सुरू करायचे. "औंदा दहाच आहेत. हारलो का एक तरी मॅच? मंग सांग, कोणता सीझन मोठा?"

"औंदाचे बाकीचे संघच मेंगळे आहेत," शंकरराव म्हणायचे. "गेल्या सालच्या सोनाळ्यापुढे औंदाचा हर्षल टिकला असता का?"

"काऊन नाही टिकणार? गेल्या साली डाव्या बाजूनं किती गोल खाल्ले? औंदा एक तरी खाल्ला का?"

"हे मातर खरं हाय," असं शंकररावही शेवटी कबूल करायचे.

मी आतून पुड्या मोजता मोजता ऐकायचो. एकदा न राहवून ओरडलो, "अहो, तो मेला आहे! मेला आहे तो!" दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच मसणात मोठ्याने हसलो. शंकरराव हलक्या आवाजात म्हणाले, "राजकुमार, असं बोलू नये रे. तो ऐकते."

आता हर्षलबद्दल खरं सांगतो. पोरगा गोड होता, पण लेफ्ट बॅक म्हणून टाकाऊ होता. पळायचा त्याला कंटाळा. चेंडू त्याच्या बाजूला आला की जोरात ओरडायचा, "सोड बे, माहा आहे!" शेजारचा थांबायचा, आणि हा रेषेबाहेर उभ्या असलेल्या कोणाशी तरी बोलत राहायचा. कोणाच्या म्हशीचं काय झालं, कोणाच्या साळीला कुठे दिलं, सगळं त्याला सामना चालू असताना विचारायचं असे. गेल्या सीझनला उकंडरावांनी त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या आणि संघातून काढायची भाषा रोज केली. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय.

गेल्या सीझनचा आमचा शेवटचा सामना झाला आणि त्याच आठवड्यात हर्षल गव्हाला पाणी द्यायला गेला. स्टार्टरच्या पेटीत ओल होती. मोटर सुरू करायला हात लावला आणि तिथेच चिकटला. बाप आधीच गेलेला. मागे आई राहिली, सरस्वतीबाई.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर गेलो. पिंड ठेवला आणि कावळा येईना. झाडावर चांगले पाच-सहा बसलेले, पण खाली एकही उतरेना. मग नेहमीसारखं सुरू झालं. काका पुढे झाला, "आईले सांभाळू." नाही आला. मामा म्हणाला, "वावर इकत नाही." नाही आला. ऊन चढलं. बायका दूर बसून रडत होत्या, त्यांचंही रडणं थकून गेलं. भटजी म्हणाले, कशात तरी जीव अडकलाय, आठवून पाहा.

तेव्हा सागर उठला. सागर आमचा कॅप्टन, बचावात हर्षलच्या शेजारी खेळायचा. दोघं पहिलीपासूनचे मित्र. चप्पल काढून तो पिंडाजवळ गेला, हात जोडले आणि म्हणाला, "हर्षल्या, तुही जागा कोणालेच देत नाही. जा आता."

आणि कावळा आला.

मी तिथेच होतो, डोळ्यांनी पाहिलं. दुपार झाली होती, कावळ्यालाही भूक असते, असं मी स्वतःला आजही सांगतो. पण त्या वेळी माझ्याही अंगावर काटा आला होता, हे खोटं कशाला सांगू.

असं बोलणं कोणीही बोलतं आणि तेरवीच्या जेवणानंतर विसरतं. आमचे लोक विसरले नाहीत. या सीझनचा पहिला सामना आला तेव्हा उकंडराव मैदानात उभे राहून म्हणाले, शब्द म्हणजे शब्द. दहाच गडी उतरतील. आणि नुसते दहा नाही, डावी बाजू मोकळी सोडायची, कोणी तिकडे सरकायचं नाही. हर्षल तिथे उभा आहे असं धरून खेळायचं. मी म्हटलं, हरतील एकदा सपाटून म्हणजे अक्कल येईल.

ते जिंकले. दुसराही जिंकले. साखरखेर्ड्याविरुद्ध तर असं झालं की त्यांचा गडी चेंडू घेऊन आमच्या मोकळ्या बाजूला आला, एकटाच, समोर कोणी नाही, आणि तो मध्येच थांबला. इकडे तिकडे पाहिलं आणि चेंडू मागे देऊन टाकला. नंतर टेम्पोत बसताना तो आपल्या माणसांना सांगत होता की कोणी तरी कानाजवळ श्वास घेत होतं. ही गोष्ट एका आठवड्यात जिल्हाभर गेली. त्यानंतरचे संघ डाव्या बाजूला यायचेच टाळू लागले. जे यायचे ते घाबरत, चाचपडत, आणि तेवढ्यात चेंडू निघून जायचा.

चेंडू निघाला की सगळं मैदान ओरडायचं, "हर्षल्यानं काढला! हर्षल्यानं!"

मध्यंतर झालं की संघांच्या बाजू बदलतात. मग आमची सगळी गर्दी उठायची आणि मैदानाला वळसा घालून हर्षलच्या बाजूला जाऊन बसायची. सरस्वतीबाईही उठायच्या. त्या पहिल्या सामन्यापासून यायच्या. रेषेला लागून पोतं अंथरायच्या आणि मांडीवर हात ठेवून त्या मोकळ्या तुकड्याकडे बघत बसायच्या. कोणाशी बोलत नसत. हर्षलचं नाव घुमलं की डोळे मिटायच्या. एका म्हातारीला रविवारच्या रविवार पोरगा भेटत असेल, तर तोंड उघडणारा मी कोण?

पण एक गोष्ट बाकावर कोणीच बोलत नव्हतं. त्या बाजूचा चेंडू दर वेळी काढायचा कोण? सागर. स्वतःची जागा सोडून तिकडे धावायचा, चेंडू मारायचा, परत आपल्या जागेवर यायचा. सामनाभर. इतक्या लोकांच्या डोळ्यांदेखत तो पळायचा आणि लोक दुसऱ्याचं नाव घ्यायचे.

एका दुपारी सागरची बायको डिंपल दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. पदराशी चाळा करत उभी राहिली.

"मामाजी, तुमचं ऐकतात ते लोक. एक गडी घ्या म्हणा नं आता."

"का, काय झालं?"

"यायच्या गुडघ्यात पाणी भरलं. डॉक्टर म्हणते, खेळसान तं पाय जाईन. तरी पट्टी बांधून जातात. जेवण नाही, झोप नाही. झोपेत बी पाय मारतात, मामाजी."

मी म्हटलं, त्यालाच समजाव. तिने मान हलवली. मग बाकावर कोणी नाही हे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हर्षलभाऊ येतात म्हणतात. मैदानात बाजूले पळतात. चेंडू आला का म्हणतात, 'सोड बे, माहा आहे.' हे सोडून देतात. अन् ते काही घेत नाहीत. मंग यायलेच पळा लागते." तिचे डोळे भरले. "मले हासू येत होतं पयले. असेच होते हर्षलभाऊ. आता भेव लागते. एक तं गेला, दुसऱ्याले बी घेऊन जाईन."

मला त्या दुपारी भीती वाटली. उजेडात, दुकानात, खताच्या वासात. सागर थापा मारणारा पोरगा नव्हे.

संध्याकाळी मी बाकावर विषय काढला. सागरच्या पायाचं सांगितलं. बाहेर राखीव बसणाऱ्या दीपकला घ्या म्हटलं, चांगला पळतो पोरगा.

उकंडराव माझ्यावर धावून आले. "मुर्द्याले देल्लेला शब्द मोडू म्हणतं तू? नदीवर नव्हता का? कावळा पाह्यला नाही का? अन् फायनल आली असतानी?"

"सागऱ्याचा पाय जाईल."

"हर्षल असतानी सागऱ्याले काय होते?"

मी शंकररावांकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. आणि मीही गप्प बसलो, कारण कप गावात कधी आला नव्हता आणि तो मलाही हवा होता. माझा राग असा आहे, फुकटचा. कामाच्या वेळी बिळात शिरतो.

फायनलच्या आठवड्यात हर्षलचं वर्षश्राद्ध झालं. सरस्वतीबाईंनी पंगत घातली. सागर वाढायला होता आणि लंगडत होता. मी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांनी भात मागून घेतला.

फायनल सोनाळ्याशी होती. ते लोक सातपुड्याच्या पायथ्याचे, एवढ्या लांबून दोन टेम्पो भरून आले होते. त्यांनी आधी आमच्या डाव्या बाजूला नारळ फोडला, मग खेळायला उतरले. आमचे दहा, त्यांचे अकरा. पहिल्या अर्ध्यात आमचा एक गोल झाला, त्यांचाही एक झाला. सागर तिकडे धावत होता, परत येत होता, आणि गर्दी हर्षलचं नाव घेऊन नाचत होती.

मध्यंतराला गर्दी वळसा घालून निघाली तेव्हा मी उलटा सागरकडे गेलो. तो गोलच्या बांबूला टेकून बसला होता. गुडघा सुजून टम्म झाला होता. डिंपल बाजूला पाण्याचा लोटा घेऊन उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"सागर, बस झालं. बाहेर निघ," मी म्हटलं.

तो वेगळंच बोलला. "मामा, आज तो बोलून नाही राह्यला."

"कोण?"

"सकाळपासून हाका मारून राह्यलो त्याले. मैदानात उतरल्यावर बी मारल्या. एक शब्द नाही. सीझनभर तो होता, मामा. काम नव्हता करत, पण होता. आता मी एकटाच आहो तठी." त्याने त्या मोकळ्या तुकड्याकडे पाहिलं. "वर्षश्राद्ध झालं. गेला तो. आता कोणासाठी पळू?"

शिटी वाजली. तो हाताने बांबू धरून उठला आणि आत गेला.

खेळ सुरू झाला आणि थोड्या वेळाने सोनाळ्याचा एक काटकुळा पोरगा चेंडू घेऊन आमच्या मोकळ्या बाजूला आला. आमची सगळी गर्दी तिथेच रेषेवर होती. "हर्षल! हर्षल!" असा गजर उठला. मी सागरकडे पाहिलं. तो आपल्या जागेवरून निघाला, त्या तुकड्याच्या कडेपर्यंत आला, आणि थांबला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकून उभा राहिला.

सोनाळ्याचा पोरगाही बिचकला. त्याने पाय थांबवला, चारी बाजूंना पाहिलं. लोक बोंबलत होते, "हर्षल! काढ रे! काढ!" पोरगा कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखा उभा होता. कोणी आलं नाही. मग तो चालत, अक्षरशः चालत, चेंडू पायाने ढकलत गोलपर्यंत गेला आणि आमच्या गोलकीपरच्या बाजूने आत टाकला. आमचा गोलकीपरही वाकून मोकळ्या जागेकडेच बघत होता.

गजर तुटला. आणि त्या शांततेत उकंडरावांचा आवाज फाटला, "सागऱ्या! तू काऊन नाही गेला बे तिकडे?"

सागरने मान वर केली. ओरडला नाही, पण रेषेवर सगळ्यांना ऐकू आलं.

"तो आहे नं तठी. मी कायले जाऊ?"

शंकरराव खाली बसले. मला सीझनभर वाटत होतं की हे लोक मूर्ख आहेत, यांना खरंच हर्षल दिसतो. कोणाला दिसत नव्हता. चेंडू कोण काढतं ते आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असूनच आम्ही एका जिवंत पोराला मेलेल्याच्या नावाने पळवत होतो.

सरस्वतीबाई पोत्यावरून उठल्या. रेषा ओलांडून आत गेल्या. पंचाने शिटी तोंडाला लावली आणि न वाजवताच खाली घेतली. त्या मोकळ्या तुकड्यातून त्या हळूहळू चालत गेल्या. मधोमध पोचल्यावर क्षणभर थांबल्या, आजूबाजूला पाहिलं, सोनाळ्याच्या पोराने पाहिलं होतं तसंच. मग पुढे सागरजवळ गेल्या आणि त्याच्या सुजलेल्या गुडघ्याला हात लावला.

"गेल्या साली बी तूच पळे नं रे, त्याच्या वाटचं?"

सागर रडायला लागला. मोठा गडी, सगळ्या गावादेखत, लहान लेकरासारखा हुंदके देत.

"मले मालूम होतं, बाप्पा," सरस्वतीबाई म्हणाल्या. "माह्या पोराले पळाचा कंटाळा होता. लहानपणापासून. दर ऐतवारी मी तुलेच पाहून राह्यली होती."

मग त्या आमच्याकडे वळल्या. आम्ही एवढे बाप्ये, कोणाची नजर वर नव्हती.

"त्याचं नाव घेत होते तुम्ही सारे. म्हणून येत होती मी. घरी कोणी नाव घेत नाही त्याचं." त्यांनी सागरचा दंड धरला. "आता नका घेऊ. या लेकराले लय जड झालं ते."

त्यांनीच त्याला धरून बाहेर आणलं. डिंपल पुढे धावली. कोणीतरी खाट आणायला गेलं. उकंडरावांनी नुसता हात केला, आणि दीपक जर्सी अडकवत हर्षलच्या जागेवर उतरला. सामना पुन्हा सुरू झाला. गोल फेडायला वेळ होता, पण गर्दीतून आवाज निघत नव्हता. नुसते पाय आणि चेंडू ऐकू येत होते, आणि मैदान एवढं मोठं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी शेवटी चेंडू डाव्या बाजूला आला. दीपकने झेप घेतली आणि स्वच्छ काढला. सीझनभराची सवय, उकंडराव उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून "हर्ष..." एवढं निघालंच. लगेच त्यांनी तोंडावर हात दाबला.

सरस्वतीबाई सागरच्या उशाला बसल्या होत्या, मैदानाकडे पाठ करून. तेवढ्या आवाजावर त्या वळल्या, आणि त्यांनी त्या जागेकडे पाहिलं. तिथे दीपक उभा होता.